बिनतारी संवेदक जाळ्यांचे स्वयंसंघटन

तापमान, ओलावा, कंपने मोजणारी, बॅटरीवर चालणारी छोटी उपकरणे म्हणजेच नोड एखाद्या परिसरात विखुरली जातात. वरून कोणी आज्ञा न देता, फक्त शेजाऱ्यांशी रेडिओवरून बोलून ती आपले जाळे उभे करतात. या प्रक्रियेला स्वयंसंघटन म्हणतात. निरोप कोणामार्फत पाठवायचा, कोणी केव्हा झोपायचे, हे नोडच ठरवतात.

या साऱ्यामागे चिंता असते ती बॅटरीची. मोजमाप स्वस्त, रेडिओ महाग. आणि बहुतेक नोडांत तो नुसता ऐकत बसला तरी जवळजवळ बोलण्याइतकीच वीज खातो. अमेरिकेच्या मेन राज्यातील ग्रेट डक बेटावर २००२ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी स्टॉर्म पेट्रेल या समुद्रपक्ष्यांच्या बिळांत नोड ठेवले. पुढच्या वर्षी तिथले काही नोड एकमेकांचे निरोप पुढे नेऊ लागले, तेव्हा इतरांचे बोलणे विनाकारण कानावर पडत राहिल्याचाही भुर्दंड त्यांच्या बॅटरीला बसला.

हा भार वाटून घेण्याची सर्वांत सुंदर युक्ती ‘लीच’ या पद्धतीत आहे. एमआयटीतील वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन व हरी बालकृष्णन यांनी ती २००० मध्ये मांडली. समजा, दर फेरीत ५ टक्के नोड गटप्रमुख, म्हणजे आपल्या गटाची मोजमापे गोळा करून केंद्राकडे पाठवणारे, हवे आहेत. प्रत्येक नोड मनाशी ० ते १ मधली एक यादृच्छिक संख्या काढतो. ती ठरलेल्या मर्यादेखाली आली, तर तो स्वतःला प्रमुख जाहीर करतो. एकदा प्रमुख झालेला नोड २० फेऱ्यांचे चक्र संपेपर्यंत पुन्हा उभा राहत नाही. उरलेल्यांसाठी मर्यादा फेरीगणिक वाढते आणि विसाव्या फेरीत १ होते, म्हणजे कोणीच सुटत नाही. बाकीचे नोड ज्याचा संदेश सर्वांत जोरकस ऐकू येतो त्याच्या गटात जातात. प्रमुख त्यांना वेळा वाटून देतो. आपली वेळ येईपर्यंत ते रेडिओ बंद ठेवतात. मतदान नाही, मोजणी नाही, तरी पाळी सर्वांवर येते. मात्र कोणाची बॅटरी किती उरली, हे मूळ लीच पाहत नाही. ती उणीव २००४ च्या ‘हीड’ पद्धतीने भरून काढली.

दुसरी रचना झाडाची; निरोप गोळा करणारे केंद्र हे तिचे मूळ. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘आरपीएल’ या निरोपांचे मार्ग ठरवणाऱ्या पद्धतीत प्रत्येक नोड मुळापासूनच्या अंतरावरून आणि दुव्यांच्या भरवशावरून आपली पायरी ठरवतो व खालच्या, म्हणजे मुळाकडच्या, पायरीचा शेजारी पालक म्हणून निवडतो. पालक बंद पडला की दुसरा शोधतो. ही माहिती पसरवण्याचा ‘ट्रिकल’ नियम तर फारच समंजस आहे: शेजारी तेच सांगत असतील तर गप्प राहा आणि पुढच्या वेळी दुप्पट थांबा, काही वेगळे ऐकू आले तर लगेच बोलू लागा.

झाडाचा मोठा दोष मुळापाशी आहे. साऱ्या जाळ्याचे निरोप मुळाजवळच्या नोडांतूनच जात असल्याने ते आधी संपतात, आणि दूरचे नोड चांगल्या बॅटरीनिशी एकाकी पडतात. म्हणून मुळाजवळ जास्त नोड पेरतात, किंवा निरोप गोळा करणारे केंद्रच जागा बदलत फिरते ठेवतात.