पट्टा लावताच पिल्लू अडून का बसते?

घरभर माणसांच्या पायांत घुटमळणारे कुत्र्याचे दोन-अडीच महिन्यांचे पिल्लू पट्टा लावून दाराबाहेर आणले, की अनेकदा चारही पाय रोवून बसते. पट्टा ओढला तर ते आणखी मागे रेलते, कान पाडते, शेपटी पोटाखाली घेते, आणि मालक त्याला हट्टी ठरवून मोकळा होतो. हा त्या पिल्लावर अन्याय आहे. गळ्याला एका बाजूने ओढ बसली, की तोल सावरण्यासाठी शरीराचा भार आपोआप विरुद्ध बाजूला जातो. त्यातच रिक्षांचे आवाज, अनोळखी वास आणि इतर कुत्र्यांचे भुंकणे यांची भीती मिसळते. आपण जितके ओढू तितका ताण वाढतो, आणि रस्ता म्हणजे गळा आवळला जाण्याची जागा, हे पिल्लाच्या मनात पक्के होत जाते.

पचनक्रियेवरील संशोधनासाठी 1904 मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनाही अशीच अडचण आली होती. त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांना पायांभोवती सैल फास अडकवून चौकटीत उभे करीत, आणि बहुतेक कुत्र्यांना त्याची सवय होई. एक कुत्रा मात्र, एरवी अगदी माणसाळलेला असूनही, चौकटीत उभा केला की अस्वस्थ होई, पायांखालचा पृष्ठभाग उकरी, आधाराचे खांब चावी आणि त्याची लाळ सतत गळत राही. बराच काळ याचे कारण उमगले नाही. शेवटी पाव्हलॉव्ह अशा निष्कर्षाला आले, की बंधनातून सुटू पाहणे ही प्राण्याची उपजत प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मग त्या कुत्र्याला केवळ चौकटीतच खायला द्यायला सुरुवात झाली. आधी तो जेमतेम खाई आणि त्याचे वजनही घटले. पण पुढे तो सगळे अन्न संपवू लागला आणि तसतशी त्याची तगमग शमत गेली. घरच्या पिल्लाला उपाशी ठेवण्याची गरज मुळीच नाही आणि तसे करूही नये, पण बंधनाची सांगड खाण्याशी घालण्याचे तत्त्व आजही उपयोगी पडते.

म्हणून पहिला पट्टा घरातच, जेवणाच्या वेळी बांधावा आणि आपल्या नजरेसमोर त्याचे टोक जमिनीवर लोळू द्यावे. पिल्लाला त्याचा विसर पडू लागला, की टोक हातात घ्यावे, पण पट्ट्याला मधोमध झोळ दिसेल इतका तो सैल असावा. मग एक-दोन पावले मागे सरून खाली बसावे, प्रेमाने हाक मारावी, आणि पिल्लाने पाऊल उचलताच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा तोंडात द्यावा. येथे क्षणाला फार महत्त्व आहे, कारण थोडा उशीर झाला तरी तोवर पिल्लू खाली बसलेले किंवा पट्टा चावत असते आणि बक्षीस त्या कृतीला मिळते. ते अडलेच तर ओढू नये. पट्टा सैल सोडून शांतपणे थांबावे. बहुतेक वेळा ते स्वतःच एखादे पाऊल पुढे टाकते, आणि खाऊ द्यायचा तो त्याच पावलाला.

वयाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि तो 1965 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पट्ट्याच्या चाचणीत बसेंजी जातीची पिल्ले पट्ट्याशी झुंजत, तर बीगलची पिल्ले ओरडून घर डोक्यावर घेत; म्हणजे विरोधाची तऱ्हा काही अंशी रक्तातच असते. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारते, हेही याच संशोधनातून पुढे आले. नेमक्या याच काळात लसीकरण अपुरे असते आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोका खराच असतो. त्यामुळे तोवर पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता दाखवावा. आवाज आणि वास यांची ओळख कडेवरूनही होते.

गळपट्ट्यापेक्षा छातीभोवती बसणारा हार्नेस मी केव्हाही पसंत करेन. कुत्रा गळपट्ट्याला ओढ देतो तेव्हा त्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो आणि हार्नेसमुळे तसा वाढत नाही, असे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. शिवाय पॉमेरेनियनसारख्या लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू काही सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका बसत असेल तर पिल्लाच्या तळव्यांनाही बसतो. घरी आवडीने खाल्लेला तुकडा पिल्लू बाहेर नाकारत असेल, तर भीती शिकण्यापलीकडे गेली आहे असे समजून त्या दिवशी फाटकापासूनच परतावे. चांगले चालणारे पिल्लू अचानक अडू लागले, तर आधी त्याचे तळवे आणि नखे तपासावीत, आणि तेथे काही सापडले नाही तर पशुवैद्याकडून सांधे पाहून घ्यावेत.