इन्व्हर्टरचा अलार्म

घरच्या इन्व्हर्टरमधला बझर. बॅटरी उतरली, लोड जास्त झाला, मशीन तापली किंवा बॅटरीतच बिघाड आला की हा वाजते. विदर्भात खेड्यापाड्यात याला "इन्व्हर्टर बोंबलून राह्यलं" म्हणतात आणि पहिलं काम काय तर समोरचं बटन दाबून त्याचं तोंड बंद करणं. आवाज बंद होते, बिघाड तिथंच राहते.

बझर वाजला की आधी लाईन आहे का गेली ते पाहायचं, आणि कोणता लाल लाइट लागला ते. अर्धं उत्तर तिथंच मिळते.

लाईन जाऊन दोन-तीन घंटे झाले आणि मग वाजलं तर ती साधी लो बॅटरी. बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण फुल चार्ज करून थोडा वेळ तशीच ठेवली तर १२.६-१२.७ दाखवते आणि चालता चालता १०.५ च्या आसपास आली की बहुतेक इन्व्हर्टर बंद पडतात, त्याच्या थोडं आधी बझर सुरू होते. १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावते त्याचं माप) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, हातात येते बाराशे-तेराशे, म्हणजे ४०० वॅटचा लोड तीन घंटे. बंद पडल्यावर रिसेट मारला की दोन मिनिटं परत चालते, कारण लोड निघाला की व्होल्टेज जरासं वर येते, पण असं पुन्हा पुन्हा पिळून बॅटरी तशीच उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेट कडक बसते आणि मग ती कधीच पूर्ण भरत नाही.

लाईन गेल्या गेल्या वाजलं तर ओव्हरलोड. एप्रिल-मे मध्ये हे कूलरचंच काम राहते. चालू कूलर दीड-दोनशे वॅट खाते, पण मोटर सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यात कोणी मिक्सर लावला की संपलं. लोड कमी करायचा, मग रिसेट.

सगळ्यात डोकं खाणारा प्रकार म्हणजे लाईन आहे, बल्ब मिणमिणत आहे, तरी इन्व्हर्टर बॅटरीवर चालून राह्यलं आणि शेवटी बोंबलते. रब्बीत हरभरा-गव्हाले पाणी सुरू झालं की डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) मोटरपंपांचा लोड येते आणि २३० च्या जागी घरात १६०-१७० व्होल्ट येतात. मशीन यूपीएस मोडवर असली तर साधारण १८० च्या खाली ती लाईन धरतच नाही. मागं एक छोटा स्विच राहते, तो नॉर्मल मोडवर केला की १०० च्या आसपासपर्यंत धरते, फक्त कॉम्प्युटर लावलेला असला तर चेंजओव्हरला (लाईनवरून बॅटरीवर जाताना) तो बंद होऊ शकते. (चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा इथं वीज तयार करायची आणि गावात बल्ब असा लागते, त्याचं काय बोलावं.)

बॅटरी भरलेली दिसते पण दहा मिनिटांत वाजते, तर पाणी कमी, टर्मिनल खराब किंवा एखादा सेल (बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी एक) गेला. विदर्भाच्या ४५ डिग्रीत पाणी लवकर उडते, म्हणून उन्हाळ्यात महिन्याला फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी दांडी) पाहायचा. पाणी डिस्टिल्डच. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात (जमिनीखालचं पाणीच खारं असलेला भाग) तर बोअरचं पाणी टाकणं म्हणजे बॅटरी मारणंच आहे, आरओचंही चालत नाही, त्यात क्षार राहतातच. टर्मिनलवर पांढरं-हिरवं आलं असेल तर आधी मशीन बंद, मग निगेटिव्ह वायर पहिले काढायची, गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून पुसायचं (थेंब सेलमध्ये जाऊ नये), कोरडं करून व्हॅसलीन. हायड्रोमीटरवर (सेलमधल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) पाच सेल १.२४ आणि एक १.१५ दाखवत असेल तर तो सेल गेला, त्याले पाणी टाकून काही होत नाही.

मशीन तापल्याचा अलार्म इकडे कापसामुळंही येते. भाव येईपर्यंत लोकं कापूस घरातच भरून ठेवतात, बारीक रुई फॅनच्या जाळीत बसते. जाळी साफ करायची, पण मूळ गोष्ट म्हणजे बॅटरी त्या खोलीतच नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघते. देवघराखाली बॅटरी ठेवून वर उदबत्ती लावणारी घरंही काही कमी नाहीत. सडक्या अंड्यासारखा वास आला किंवा बॅटरी फुगली तर बटनाच्या नादी न लागता इन्व्हर्टरचा मेन बंद करायचा, खिडक्या उघडायच्या.

सेतू केंद्रावरच्या कॉम्प्युटर यूपीएसमध्ये बहुतेक ७ एएचची सीलबंद बॅटरी राहते. लाईन गेल्यावर थांबून थांबून वाजते, संपत आली की घाई करते. दोन-तीन वर्षांनी लाईन जाताच एकदा वाजून बंद पडायला लागली की बॅटरी बदलायची. काही जण सुरीनं झाकण उचलून तिच्यातही पाणी टाकतात, चार दिवस चालते, मग परत टीं टीं.