कमांड लाइनवरून संगणकाची निगा

माऊसने चित्रांवर टिचक्या मारण्याऐवजी आज्ञा टंकून संगणकाकडून काम करवून घेण्याची पद्धत म्हणजे कमांड लाइन. टंकलेली ओळ वाचून ती अमलात आणणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. शेलची परंपरा १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सुरू झालेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासूनची. लिनक्सवर बहुधा भेटणारा बॅश हा शेल १९८९चा. विंडोजचा पॉवरशेल २००६चा.

नागपुरात घरच्या संगणकाची खरी परीक्षा मे महिन्यात होते. बाहेर पारा ४५ अंशांवर आणि खोलीत कुलर. कुलरच्या दमट हवेने पंख्याच्या जाळीतली धूळ पापुद्र्यासारखी चिकटते, लॅपटॉप रखडतो आणि घरात सगळे व्हायरसच्या नावाने खडे फोडतात. अशा वेळी लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा द्यावी (त्याचे पॅकेज आधी टाकून घ्यावे लागते). प्रोसेसरचे तापमान आकड्यात समोर येते. शेजारी ‘टॉप’ चालवला की कोणता प्रोग्राम किती राबतोय तेही कळते. टॉपमध्ये सगळे शांत आणि सेन्सर्समध्ये ९५ अंश, तर प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतोय असे समजावे. नवी रॅम घ्यायला बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाण्याआधी पंखा साफ करावा. पॉवरशेलमध्ये यासाठी इतकी सरळ आज्ञा नाही, ही त्याची उणीवच.

डिस्क किती भरली ते ‘डीएफ -एच’ सांगते. एखाद्या फोल्डरने किती जागा अडवली ते ‘डीयू -एसएच’. डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ‘ॲप्ट अपडेट’ने नव्या आवृत्त्यांची यादी येते आणि ‘ॲप्ट अपग्रेड’ने त्या बसतात. दोन्हींच्या आधी ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा शब्द) लागते. रोज एवढे टंकायचा कंटाळा आला, तर घरच्या (होम) फोल्डरातल्या ‘डॉट बॅशआरसी’ या फाइलीत एक ‘एलियास’, म्हणजे लांब आज्ञेचे छोटे नाव, लिहून ठेवता येतो. त्याचे नाव ‘निगा’ असे देवनागरीत ठेवले तरी बॅश कुरकुरत नाही.

कुरकुरते ती टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टंकायची, खिडकी. ती सारख्या रुंदीच्या चौकटींत अक्षरे मांडते. इंग्रजीला ते सोयीचे. ‘विद्यार्थी’ लिहिले की अनेक टर्मिनलांत वेलांटी सरकते, रफार सुटतो. फाइलीतला मजकूर मात्र शाबूत असतो. बिघडते ते फक्त दिसणे.

जोडनावांपाशी चूक महागात पडते. ‘लग्न फोटो’ नावाचा जुना फोल्डर काढायला ‘आरएम -आर लग्न फोटो’ लिहिले, तर मधल्या जागेमुळे शेल ती दोन नावे समजतो. ‘फोटो’ नावाचा वेगळा फोल्डर तिथे असेल तर तो जातो, आणि जो काढायचा होता तो जागेवरच राहतो. ही आज्ञा कचरापेटीत काही ठेवत नाही. नाव अवतरणचिन्हांत घालावे, किंवा पहिली दोन अक्षरे लिहून टॅबची कळ दाबावी. मधल्या जागेची काळजी शेल स्वतः घेतो.