उभट नवरा, बसकी नवरी : व्हिडिओचं प्रमाण पुन्हा एन्कोड न करता कसं सुधारायचं

लग्नाच्या जुन्या डीव्हीडीवरून किंवा मिनीडीव्ही कॅसेटवरून काढलेली फाइल संगणकावर लावली की कधी सगळे वऱ्हाडी उभट, हडकुळे दिसतात, तर कधी बसके आणि रुंद. मग ती फाइल एखाद्या कन्व्हर्टरमध्ये टाकली जाते. काही तासांनी नवी फाइल मिळते, त्यात चेहरे नीट असतात, पण साडीचा काठ पुसट झालेला असतो आणि हलणाऱ्या माणसांच्या कडांना दात आलेले असतात. मूळ चित्र बिघडलेलं नव्हतंच. ते किती रुंद दाखवायचं हे सांगणारा आकडा चुकीचा होता किंवा नव्हताच. तो आकडा बदलायला काही सेकंद लागतात आणि चित्राच्या एकाही पिक्सेलला हात लावावा लागत नाही.

हे सगळं १९८२ सालच्या एका निर्णयातून आलं. डिजिटल टीव्हीसाठी सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय समितीने शिफारस ६०१ काढली. भारत-युरोपातली ६२५ रेषांची पद्धत (पाल) आणि अमेरिका-जपानमधली ५२५ रेषांची पद्धत (एनटीएससी), दोन्हींसाठी नमुने घेण्याचा वेग एकच ठरला : १३.५ मेगाहर्ट्झ. त्यामुळे दोन्हीकडे प्रत्येक रेषेवर चित्राचे ७२० नमुने आले. रेषा मात्र पालमध्ये ५७६ आणि एनटीएससीत ४८०. पुढे १६:९ चा रुंद पडदा आला, तेव्हाही नमुने ७२०च राहिले, फक्त प्रत्येक नमुना पडद्यावर जास्त रुंद पसरायचा. म्हणजे या फाइलींतले पिक्सेल चौकोनी नाहीत. ७२० ला ५७६ ने भागलं तर १.२५ येतात. हे ४:३ ही नाही आणि १६:९ ही नाही. पडद्यावर ४:३ दिसायला प्रत्येक पिक्सेल १६:१५ या प्रमाणात आणि १६:९ दिसायला ६४:४५ या प्रमाणात रुंद दाखवावा लागतो. प्लेअरला हे कळलं नाही तर तो पिक्सेल चौकोनी धरतो आणि रुंद चित्र आडवं दाबलं जातं. उभट नवरा तिथून येतो.

काहीही बदलण्याआधी मोजून घ्या. डोळ्यांना सवय पटकन लागते, त्यामुळे नुसत्या अंदाजावर विसंबू नये. चित्रात समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा : भिंतीवरचं घड्याळ, कॅमेऱ्यासमोर धरलेलं ताट, बाजूने दिसणारं गाडीचं चाक. ती फ्रेमच्या मध्याजवळ असावी. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या मोफत प्रोग्रामने ती एक फ्रेम पीएनजी म्हणून काढा. प्लेअरचा स्क्रीनशॉट बऱ्याचदा ताणून झाल्यावरचा असतो, तो इथे चालत नाही. आता चित्र पाहण्याच्या कुठल्याही प्रोग्राममध्ये गोलाची उंची आणि रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. उंची २५६ आणि रुंदी १८० भरली तर भागाकार १.४२ येतो, म्हणजे ६४:४५, म्हणजे चित्र १६:९ चं आहे. रुंदी २४० च्या आसपास असेल तर १६:१५, म्हणजे ४:३. एका वस्तूवर थांबू नका, दोन-तीन मोजा.

रुंदी १७६ भरली तरी घाबरू नका. पालच्या एका रेषेत प्रत्यक्ष चित्र ५२ मायक्रोसेकंद चालतं आणि १३.५ मेगाहर्ट्झने त्यात ७०२ नमुने बसतात. त्यामुळे काटेकोरपणे पाहिलं तर ७२० पैकी मधले सुमारे ७०२-७०४ नमुनेच ४:३ किंवा १६:९ भरतात, कडेचे थोडे जादा असतात. या हिशेबाने प्रमाणं १२:११ आणि १६:११ येतात. दोन्ही हिशेबांत साधारण सव्वादोन टक्क्यांचा फरक आहे. घरच्या फाइलींना कुठलाही चालेल, पण एकच धरा आणि सगळ्या फाइलींना तोच लावा.

आता हा आकडा कुठे लिहिलेला असतो ते बघू, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. तो दोन ठिकाणी असू शकतो : एमकेव्ही, एमपी४ यांसारख्या कंटेनरच्या (व्हिडिओ-ऑडिओ एकत्र ठेवणाऱ्या डब्याच्या) हेडरमध्ये, म्हणजे माहितीच्या नोंदीत, आणि आतल्या व्हिडिओ प्रवाहाच्या स्वतःच्या हेडरमध्ये. डीव्हीडीवरचा एमपेग-२ प्रवाह अख्ख्या चित्राचं प्रमाण लिहितो आणि त्याला मोजकेच पर्याय आहेत : चौकोनी पिक्सेल, ४:३, १६:९ आणि २.२१:१. एमपी४ फाइलींत नेहमी आढळणारा एच.२६४ हा व्हिडिओचा प्रकार मात्र चित्राचं नव्हे तर पिक्सेलचं प्रमाण लिहितो. कंटेनर एक सांगतो आणि प्रवाह दुसरं, तेव्हा कोणाचं ऐकायचं ते प्लेअर ठरवतो. म्हणूनच एकच फाइल लॅपटॉपवर नीट आणि टीव्हीच्या यूएसबीवर बसकी दिसू शकते. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या प्रोग्राममध्ये फाइल उघडली आणि ‘डिस्प्ले अ‍ॅस्पेक्ट रेशो’च्या जोडीला ‘ओरिजिनल डिस्प्ले अ‍ॅस्पेक्ट रेशो’ अशी दुसरी ओळ दिसली, तर दोघांचं जमत नाही असं समजा.

फाइल एमकेव्ही असेल तर काम सर्वांत सोपं. एमकेव्हीटूलनिक्स या मोफत प्रोग्राममध्ये हेडर एडिटर उघडा, व्हिडिओ ट्रॅक निवडा, ‘डिस्प्ले विड्थ’मध्ये १०२४ आणि ‘डिस्प्ले हाइट’मध्ये ५७६ भरा आणि सेव्ह करा. ४:३ साठी ७६८ आणि ५७६. एकक सहसा पिक्सेलचं असतं, त्यामुळे नुसतं १६ आणि ९ भरू नका. हा बदल त्याच फाइलमध्ये जागच्या जागी होतो, कित्येक जीबींची फाइल क्षणात तयार. त्यामुळेच आधी एक प्रत बाजूला काढून ठेवा.

एव्हीआय फाइल असेल तर तिथे झगडत बसू नका. त्या जुन्या कंटेनरमध्ये या आकड्यासाठी भरवशाची जागा नाही. एमकेव्हीटूलनिक्सने आतला व्हिडिओ-ऑडिओ जसाच्या तसा एमकेव्हीत हलवा आणि वरचीच कृती करा. डीव्हीडीच्या व्हीओबी फाइलींनाही हाच मार्ग बरा. तिथे एमपेग-२ चं हेडर फाइलभर पुन्हा पुन्हा येतं, शिवाय प्रमाण वेगळ्या आयएफओ फाइलींतही नोंदलेलं असतं. पहिलंच हेडर बदललं तर काही क्षणांनी चित्र पुन्हा मूळ आकारावर उडी मारू शकतं.

एमपी४ साठी एफएफएमपेग. कोडेकच्या पर्यायापुढे ‘कॉपी’ लिहायचं, म्हणजे पुन्हा एन्कोडिंग होत नाही, आणि ‘अ‍ॅस्पेक्ट’ पर्यायापुढे १६:९. सगळे ऑडिओ आणि सबटायटल ट्रॅक हवे असतील तर ‘मॅप’पुढे शून्य लिहायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक प्रकारचा एकेकच ट्रॅक नव्या फाइलमध्ये येतो. यातून फक्त कंटेनरचा आकडा बदलतो. टीव्ही ऐकत नसेल तर प्रवाहाच्या आतला आकडाही बदलावा लागतो. त्यासाठी एच.२६४ ला ‘एच२६४ मेटाडेटा’ आणि त्यानंतरच्या एचईव्हीसी (एच.२६५) ला ‘एचईव्हीसी मेटाडेटा’ हे एफएफएमपेगचे बिटस्ट्रीम फिल्टर आहेत, ते चित्राला हात न लावता प्रवाहातल्या नोंदी बदलतात. दोन्ही कामं एकाच कमांडमध्ये करता येतात.

इथली नेहमीची चूक अशी : या फिल्टरला पिक्सेलचं प्रमाण द्यायचं असतं, चित्राचं नाही. ७२०×५७६ च्या फाइलला ६४/४५ ऐवजी १६/९ दिलं तर चित्र १.२५ गुणिले १.७८, म्हणजे २.२२:१ होतं आणि मंडपातले सगळे जण सव्वापट जाडजूड दिसतात. असं झालं तर फाइल बिघडलेली नाही, योग्य आकडा देऊन पुन्हा चालवा.

चित्राला खरंच धक्का लागला नाही ना, हे तपासता येतं. जुन्या आणि नव्या फाइलचा व्हिडिओ एफएफएमपेगने डिकोड करून त्याचा एमडी५, म्हणजे आशयावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढा. दोन्ही जुळले तर प्रत्येक फ्रेम बिट न् बिट तीच आहे. कॅसेटवरच्या चित्रणात याला फार महत्त्व आहे, कारण ते इंटरलेस्ड असतं : सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकाआड एक रेषांत गुंफलेली. कन्व्हर्टरने आधी त्या रेषा वेगळ्या न करता उंची बदलली की दोन वेगळ्या क्षणांच्या रेषा एकमेकींत मिसळतात. सुरुवातीला सांगितलेले कडांचे दात तिथून येतात आणि ते नंतर कशानेही जात नाहीत.

काळ्या पट्ट्यांचा प्रश्न वेगळा आहे. वर-खाली पट्ट्या असलेलं ४:३ चित्र आणि त्यातली माणसं नीट असतील, तर प्रमाण बरोबरच आहे. ‘पडदा भरावा’ म्हणून तिथे १६:९ लिहिलं की माणसं बसकी होतात. आतलं चित्र १६:९ चं असेल तर पालमध्ये अशा प्रत्येक पट्टीची उंची ७२ रेषा असते. एच.२६४ असेल तर त्याच फिल्टरला वरून ७२ आणि खालून ७२ कापायला सांगा. पट्ट्या फाइलमध्ये राहतात, पण डिकोडर त्या दाखवत नाही. पिक्सेलचं प्रमाण १६:१५ च ठेवायचं, उरलेलं ७२०×४३२ चं चित्र आपोआप १६:९ होतं.

कुणीतरी ४:३ चित्र आधीच ताणून १९२०×१०८० मध्ये एन्कोड केलेलं असेल, तरीही आकडा बदलून ते सुधारतं : एमकेव्हीत रुंदी १४४०, उंची १०८०, किंवा फिल्टरला ३/४. ताण सगळीकडे सारखा असला की उलट भागाकार चालतो. काही टीव्ही आणि रेकॉर्डर मात्र मधला भाग कमी आणि कडा जास्त ताणतात. तशा फाइलमध्ये मधलं घड्याळ गोल दिसतं आणि कोपऱ्यातलं अंडाकृती. ते कुठल्याही एका आकड्याने सुधारत नाही, मूळ कॅसेटच पुन्हा उतरवावी लागते. कॅसेट उतरवायला देताना दुकानदाराला सांगा की फाइल ७२०×५७६ मध्ये, इंटरलेस्ड जशीच्या तशी द्या, मोठी करून किंवा पडदा भरून देऊ नका. प्रमाणाचा आकडा घरी बसून घालता येतो.