अवधान आलं, म्हणजे आत काय झालं?

पेरणीच्या दिवसांत पायात बाभळीचा काटा मोडला, जखम चिडली, की जांघेत दुखरी गाठ यायची. आमच्या परभणीकडे त्याला ‘अवधान आलं’ म्हणतात. आजी हात लावू द्यायची नाही. "चोळू नगंस, आपुआप बसंल." ही गाठ म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. जंतूंचे तुकडे तिथे पोचतात, आणि ते ओळखणाऱ्या पेशी तिथेच वाढू लागतात.

त्यांतल्या टी पेशींची (हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) गोष्ट मला सगळ्यात नवलाची वाटते. एखादा ठरावीक तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात एखादी, कधी दहा लाखांत एखादी. ती सापडली तरी पहिला सुमारे एक दिवस दुभंगतच नाही, नुसती फुगते. मग मात्र थांबत नाही. विषाणू टोचलेल्या उंदरांत मारक टी पेशी (सीडी८) ऐन भरात चार ते सहा तासांत दुप्पट होतात. चौदा वेळा दुप्पट झाली, की एकीच्या 16,384! मदतनीस टी पेशीही (सीडी४) वाढतात, पण सावकाश आणि बऱ्याच कमी. मारक पेशीला सुरुवातीची थोडी चिथावणी पुरते, मदतनीसाला ती जास्त वेळ मिळावी लागते. मला यात अर्थ दिसतो: मारक पेशीला प्रत्येक बाधित पेशीला जाऊन भिडावं लागतं, मदतनीसाचा एक निरोप अनेकांना पुरतो.

ही वाढ खरी किती, हे बरीच वर्षं कळलंच नव्हतं. वाढलेल्या बहुतेक पेशी गर्दीतल्या बघ्या असाव्यात, असा समज होता. 1996 साली ठरावीक टी पेशीला चिकटणारे ‘टेट्रामर’ नावाचे रेणू आले आणि नेमकी मोजणी जमली. 1998 मध्ये रोगप्रतिकारशक्तीचे अभ्यासक रफी अहमद यांच्या गटाने दाखवलं, की उंदरांतल्या त्या वाढलेल्या मारक पेशींपैकी निम्म्याहून अधिक खरोखर त्या विषाणूच्याच मागावर होत्या. अहमद हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. मराठवाड्यातली जुनी पिढी पदवीसाठी तिथेच जायची, म्हणून हे वाचताना मला फार आपुलकी वाटली.

साधारण आठव्या दिवशी उंदरांत मारक पेशींचा कळस होतो. विषाणू संपला, की पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत त्यांतल्या नव्वद-पंचाण्णव टक्के मरतात. मदतनीसांची ओसरण संथ असते. उरलेल्या मारक स्मृतिपेशी (विषाणू लक्षात ठेवणाऱ्या) उंदरात जवळजवळ आयुष्यभर तेवढ्याच टिकतात. मदतनीसांच्या मात्र गाठ बसल्यानंतरही कितीतरी महिने हळूहळू कमी होत राहतात.