नेत्रतल तपासणी

बाहुलीतून डोकावल्यावर डोळ्याचा जो आतला, मागचा भाग दिसतो तो नेत्रतल. दवाखान्यात त्याला फंडस म्हणतात; रुग्णाला मात्र ‘पडदा बघायचाय’ एवढेच सांगतात. काहीही न कापता धमन्या, शिरा आणि चेता (मज्जातंतू) थेट नजरेला पडाव्यात अशी शरीरात हीच एक जागा.

बाहुली काळी दिसते ती आत काही दिसण्याजोगे नाही म्हणून नव्हे. आत गेलेला उजेड आल्या वाटेनेच परततो आणि तो पाहायला डोके मध्ये घातले, की दिवाच झाकला जातो. ही अडचण हेर्मान फोन हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञाने सोडवली. तिरक्या काचांवरून दिव्याचा उजेड डोळ्यात पाडायचा आणि त्याच काचांतून आरपार पाहायचे. १८५१ मध्ये त्याने या ऑफ्थॅल्मोस्कोपचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याआधी इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजनेही असे उपकरण केले होते, पण ते मागे पडले.

आत शेंदरी जमीन दिसते. हा रंग दृष्टिपटलाचा (म्हणजेच पडद्याचा) नव्हे, ते तर जवळजवळ पारदर्शक. रंग मागच्या थरातल्या रक्ताचा आणि रंगद्रव्याचा. नाकाच्या बाजूला जेमतेम दीड मिलिमीटरची फिकट गुलाबी चकती असते. दृष्टिचेता इथून बाहेर पडते आणि रक्तवाहिन्या इथूनच फाकतात: धमन्या बारीक, उजळ, शिरा जाड, गडद. प्रकाश टिपणाऱ्या पेशी इथे नसल्याने हाच अंधबिंदू. चकतीच्या मधोमध एक खळगा असतो. काचबिंदूत तो रुंदावत जातो. कवटीतला दाब वाढला, तर चकतीच्या कडा फुगून पुसट होतात. कानाच्या बाजूला पीतबिंदू. सुईत दोरा ओवताना सगळी भिस्त याच्यावर, आणि नेमक्या त्याच्या मध्यात एकही रक्तवाहिनी नाही.

हातातल्या ऑफ्थॅल्मोस्कोपने प्रतिमा सुलटी आणि सुमारे १५ पट मोठी दिसते, पण ते दाराच्या फटीतून घर पाहण्यासारखे. डोक्यावर दिवा आणि हातात भिंग घेऊन पाहिले, की पडद्याच्या कडाही दिसतात. प्रतिमा मात्र उलटी. म्हणून शिकाऊ डॉक्टर चित्राचा कागदच उलटा धरून आकृती काढतात.

मधुमेहात पडद्यावर रक्ताचे ठिपके येऊनही नजर बराच काळ चांगली राहू शकते. ‘मला तर नीट दिसतंय’ हे तपासणी टाळायचे कारण होऊ शकत नाही.

बाहुली मोठी करणारे थेंब चुरचुरतात आणि पुढे काही तास जवळचे अक्षर पुसट दिसते. गाडी चालवू नका, गॉगल आणा, हे आधीच सांगितलेले असते. बहुतेकांना ते आठवते दवाखान्याची पायरी उतरल्यावर, भर उन्हात.