गिरणी-वसाहतीतील घर (गोकाक धबधबा)

गिरणी चालविणाऱ्या कंपनीने स्वतःच्या जमिनीवर, आखीव रचनेने, कामगारांसाठी बांधलेले आणि नोकरी असेपर्यंत त्यांना राहावयास दिलेले घर. बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) जिल्ह्यातील त्याचे ठळक उदाहरण म्हणजे गोकाक गावापासून सुमारे ६ किमी. अंतरावर, घटप्रभा नदीच्या धबधब्याकाठी सूतगिरणीभोवती वाढलेली वसाहत होय. गावठाणातील घर कुटुंबाच्या नावे असते; त्याच्या वाटण्या होतात, ते गहाण पडते आणि सोडवलेही जाते. गिरणीच्या घराला यांपैकी काहीच लागू पडत नाही. त्याचा उतारा कंपनीच्या नावाचा आणि त्यातील राहणारा हजेरीपटावरील नावाप्रमाणे ठरणारा असल्यामुळे या घराचा इतिहास भिंतींपेक्षा नोकरीच्या क्रमातून वाचावा लागतो.

वसाहत येथेच का झाली, या प्रश्नाचे उत्तर जलशक्तीच्या इतिहासात आहे. घटप्रभा येथे कलादगी मालेतील (या प्रदेशातील प्राचीन खडकथरांच्या समूहातील) वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मी. खाली कोसळते. या पाण्याच्या बळावर सूत कातण्यासाठी १८८५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८८७ च्या सुमारास गिरणी सुरू झाली, असे सामान्यतः मानले जाते. त्याच वर्षी येथे वीजनिर्मिती झाली व ती भारतातील, काहींच्या मते आशियातील, पहिली होती, हे विधान स्थानिक माहितीपुस्तकांत व पर्यटनविषयक लेखनात वारंवार आढळते. याउलट विद्युत्‌ अभियांत्रिकीच्या इतिहासात भारतातील पहिल्या जलविद्युत्‌ केंद्राचा मान बहुधा दार्जिलिंगजवळील सिद्रापोंग केंद्राला (१८९७) दिला जातो, तर दूर अंतरावर वीज वाहून नेण्याचे पहिले मोठे उदाहरण म्हणून कावेरीवरील शिवनसमुद्रम्‌ (१९०२) येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेलेल्या वाहिनीचा निर्देश होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अभियांत्रिकी लेखनात गोकाकचे नाव येते ते मात्र निराळ्या संदर्भात: घळीतील जलचक्रांची गती तारेच्या दोरांनी व मोठ्या चाकांनी कड्यावरील गिरणीपर्यंत पोहोचविण्याचे उदाहरण म्हणून. जलचक्राला जोडलेल्या लहानशा जनित्रावर दिव्यांपुरती वीज मिळणे आणि सूत कातणाऱ्या चात्या फिरविण्याइतकी वीज मिळणे या दोन बाबी भिन्न आहेत, आणि दोन्ही मतांतील विरोध बऱ्याच अंशी त्या एकच समजल्यामुळे निर्माण झालेला दिसतो. प्रारंभी गिरणीची यंत्रे यांत्रिक शक्तीने चालत व विजेचा वापर नंतर वाढला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

घराच्या दृष्टीने हा वाद महत्त्वाचा आहे. तारेचा दोर थोड्या थोड्या अंतरावर चाकांवर पेलावा लागतो, प्रत्येक टप्प्यावर घर्षणात शक्ती खर्ची पडते आणि उन्हापावसाने दोर सैल होतो किंवा झिजतो. म्हणून यंत्रशाळा जलचक्रापासून फार दूर नेता येत नाही. वीज वाहून नेण्याची सोय आधीपासून असती, तर गिरणी गोकाक गावालगत किंवा रेल्वेजवळ उभारता आली असती आणि कामगार आपापल्या घरून कामावर आले असते. शक्ती लोकांपर्यंत जाऊ शकत नव्हती, तेव्हा लोकांना शक्तीपाशी आणून वसविणे भाग पडले. दिवस उजाडण्यापूर्वी भरणाऱ्या पाळीसाठी कित्येक मैल चालत येणारी माणसे बाराही महिने वेळेवर हजर राहतील, याची शाश्वती नव्हती. पेरणी व सुगीच्या दिवसांत तर गिरणीतील हजेरी रोडावणे सर्वत्रच आढळत असे. नदीचे दोन्ही काठ जोडणारा सुमारे २०१ मी. लांबीचा झुलता पूलही कामाच्या जागेभोवतीच्या याच दळणवळणाच्या गरजेशी निगडित असावा. चालुक्यकालीन महालिंगेश्वर मंदिरावरून धबधब्याकाठी पूर्वीपासून वर्दळ होती असे दिसते. आखीव वस्ती मात्र गिरणीमुळे आली.

अशा घराची रचना सर्वपरिचित आहे. उंच जोते, पुढे ओटा किंवा अरुंद पडवी, एक बाहेरची खोली, मागे स्वयंपाकघर व त्याच्या कोपऱ्यात मोरी, अशी घरे एका सामाईक भिंतीने जोडून बैठ्या रांगेत उभी केली जात. मुंबईत १९२० च्या दशकात सरकारने कामगारांसाठी काँक्रीटच्या बहुमजली चाळी बांधल्या त्या जागेच्या टंचाईमुळे. जेथे माळरान मुबलक होते तेथे मजले चढविण्याचे कारण नव्हते. छपरासाठी मंगळुरी कौलांचा प्रसार या प्रदेशात झाला तो बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास कौलांचा कारखाना काढल्यानंतर आणि पुढे रेल्वेमुळे. जॉबर (कामगारांवरील मुकादम) व साधा कामगार यांच्या घरांतील फरक खोल्यांच्या संख्येत दिसे, कारकुनाचे घर स्वतंत्र अंगणाचे असे आणि अधिकाऱ्यांचे बंगले वस्तीपासून दूर असत. एका खोलीत वेगवेगळ्या पाळ्यांचे दोघे-तिघे कमावते असले, म्हणजे रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा झोपता यावे म्हणून घरातील बायकांचे निवडणे-टिपणे ओट्यावर सरके.

राहणाऱ्याने घरात घातलेली भर बारकाईने पाहण्यासारखी असते. मागच्या बाजूस पत्र्याची पडवी, खोलीत फळ्यांची आडभिंत, खिडकीला जाळी, भांड्यांची मांडणी आणि बांधीव वृंदावनाऐवजी तेलाच्या डब्यात लावलेली तुळस: हे सर्व स्क्रू काढून किंवा उचलून नेता येण्याजोगे असते. चुन्या-सिमेंटच्या कामावर कामगार सहसा पैसा घालीत नाही. तो बचतीचा पैसा आपल्या मूळ गावी, भावकीतील घराच्या भिंतीत घालतो. आपल्या राहण्याच्या मुदतीची इतकी पक्की जाणीव दुसऱ्या कोणत्याही घरात क्वचितच दिसते.

कायद्याच्या दृष्टीने हे घर म्हणजे भाडेकरूचे घर नव्हे, तर नोकरीची सवलत होय. १९५१ च्या मळेकामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळेवाल्यांवर घरे पुरविण्याचे बंधन घातले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात असे बंधन नव्हते. त्यामुळे गिरणीची घरे ही रूढी, सोय व कराराची बाब राहिली. १९५२ पासून औद्योगिक कामगारांच्या घरबांधणीसाठी केंद्र सरकारचे साहाय्य मिळू लागले. घरभाडे वेतनातून कापून घेण्यास १९३६ च्या वेतनप्रदान अधिनियमाने मुभा दिली, आणि वेतनचिठ्ठीवरील कपातीची ही ओळ हाच पुष्कळदा कुटुंबाकडे उरलेला राहण्याचा एकमेव कागदी पुरावा असतो. जुन्या वेतनचिठ्ठ्या ट्रंकेत जपून ठेवण्याची कामगारांची सवय म्हणूनच इतिहासकाराच्या मोठ्या उपयोगाची आहे.

नोकरी संपल्यावर घर सोडण्याचा प्रश्न सर्वांत कटू ठरतो. कंपनीची मालमत्ता गैरवाजवीपणे ताब्यात ठेवणे हा १९५६ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम ६३० नुसार (२०१३ च्या अधिनियमात कलम ४५२) अपराध आहे, आणि ‘कर्मचारी’ या संज्ञेत माजी कर्मचारीही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ठरविले. पुढे वारसांनाही ही तरतूद लागू करण्यात आली. घर रिकामे होईपर्यंत उपदान (ग्रॅच्युइटी) अडवून ठेवता येते काय, याबाबत न्यायनिर्णयांत एकवाक्यता नाही. दोन-तीन पिढ्या एकाच घरात राहिल्याचे जे दिसते, ते वारसाने नव्हे. वडिलांच्या जागी मुलगा कामावर लागला म्हणून घडते. ही साखळी तुटली की घरही जाते, आणि ज्या मुलीचा जन्म त्या घरात झाला तिला तेथे कोणताच हक्क उरत नाही.

गोकाक तालुका प्रामुख्याने कन्नडभाषक असून बेळगाव, खानापूर, निपाणी या बाजूंस मराठी वस्ती दाट आहे. १९५६ मध्ये राज्य-पुनर्रचनेने जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्याकडे आला. फोर्ब्स या मुंबईतील जुन्या पेढीशी निगडित असलेल्या या गिरणीची नावे गोकाक पटेल व्होल्कार्ट, फोर्ब्स गोकाक, गोकाक टेक्स्टाइल्स अशी बदलत गेली.

सीमाभागाशी संबंधित इतर कंपनी-वसाहतींत ही कारणपरंपरा वेगळी दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना नव्या वस्तीच्या योजनेमुळे बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या सुमारे ३२ एकर माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी (सध्या सांगली जिल्हा) उभी राहिली. तेथे जागा ठरविणारी गोष्ट पाणी नव्हे, तर कुंडल रोडचे रेल्वे स्थानक होती. कृष्णाकाठच्या उगार खुर्द येथील साखर कारखान्याला (स्थापना १९३९) कच्चा माल भोवतालच्या उसाच्या फडांतून मिळत असल्यामुळे तेथील कामाला गळिताच्या हंगामाची लय आहे आणि घरांच्या वापरावरही तिचा परिणाम होतो: कायम कामगाराचे घर वर्षभर वाहते असते, तर हंगामी कामगार गळीत संपताच गावी परततो.